कोपरापर्यंत हात

माय,

मी घरात गांडुळं पाळते. लिहिताना मलाच हसू आलं. तुला तर पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला असता. पण खरंच पाळते. वर्ध्याच्या आमच्या घरामागं, भिंत आणि कंपाउंडच्या मधल्या बोळीत दिवसभर ऊन पोचत नाही, तिथं थर्माकोलचे चार खोके मांडलेत. खाली विटा, विटांखाली पाण्याच्या ताटल्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वर ओलं बारदान. आत जुनं शेण, सुकी पानं, फाडलेलं वर्तमानपत्र आणि तुझी ती जांभळट गांडुळं. सकाळी दवाखान्यात जायच्या आधी मी बारदान उचलते, पाणी शिंपडते आणि चिमट्यानं आठ-दहा गांडुळं वेचून वाटीत घेते. हो, चिमट्यानं. तुझी लेक अजून तेवढीच आहे. गांडूळ दिसलं की चार पावलं मागं सरणारी ती पोट्टी आता दोनच पावलं सरते, एवढाच काय तो फरक.

ही सगळी तुझ्या नातीची कृपा. तू गेलीस तेव्हा ती चार वर्षांची होती, आता वीस वर्षांची आहे आणि पुण्याला शिकते. गेल्या हिवाळ्यात सुटीवर आली ती मांडीवर एक खोका सांभाळत. मला वाटलं, केक आणला असेल. झाकण काढलं तर पाण्यात दोन प्राणी. ॲक्सोलॉटल म्हणतात त्यांना. वीतभर लांब, फिक्या गुलाबी रंगाचे, चार पाय, पापण्या नसलेले डोळे आणि मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे कल्ले. तोंडाची ठेवण अशी की सदा हसताहेत असं वाटावं. होस्टेलच्या बाईंनी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला होता, म्हणून "फक्त एक महिना ठेव ना मम्मी" म्हणत तिनं ते माझ्या गळ्यात बांधले. महिना केव्हाच संपला. आणि लाड असे की त्यांना पाणी गारच लागतं. वर्ध्यात! इथं मे महिन्यात नळाचं पाणी अंगावर घेववत नाही. तेव्हा हे दोघं काचेच्या पेटीत, झोपायच्या खोलीत, एसीच्या हवेत राहतात आणि आम्ही दोघं हॉलमध्ये कूलरसमोर. तुझ्या जावयांनी मला एकदाच विचारलं, "या घरात पाळीव कोण आहे? ते की आपण?" मी त्यांना फ्रीजरमधून बर्फाची बाटली काढून आणायला सांगितलं.

विकतचं सुकं खाणं त्यांना आवडेना. तुझ्या नातीचा फोन आला, "मम्मी, गांडुळंच लागतात त्यांना. तुला तर सगळं माहीत असेल ना, आजी करायची." सगळं माहीत असेल! मी मुकाट्यानं एका गांडूळखतवाल्याकडून लाल गांडुळांची पिशवी आणली. एकानं तोंडात घेतलं, चावल्यासारखं केलं आणि थुंकून टाकलं. दुसऱ्यानंही तेच. मी पेटीसमोर चिमटा घेऊन उभी आणि एकाएकी तुझा आवाज कानात आला, जसाच्या तसा: "लाल्या दाबला का पिवळं पाणी सोडते. कडू राह्यते. कोंबडीबी थुकते त्याले." पंचवीस वर्षं मी त्या वाक्याची आठवणसुद्धा काढली नव्हती. मग शोधाशोध करून सेवाग्रामच्या रस्त्यावरच्या एका शेतकऱ्याकडून मोठी, जांभळट आणली. दोघांनी ती शेवयांसारखी ओढून घेतली. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथंच फरशीवर बसून रडले. तू असतीस तर आधी मलाच झापलं असतंस, "पाळून मारते काऊन वो त्याइले?" आणि मग पेटीत वाकून त्या दोघांकडे तासभर पाहत बसली असतीस, हेही मला ठाऊक आहे.

रोहण्याच्या त्या टाक्यांना आता काय झालं असेल कोण जाणे. बचत गटाची चार सिमेंटची टाकी, वर तुराट्यांचा मांडव, बाजूला चाळणी आणि पोती. गावातल्या बाकी बाया गटात होत्या, पण गांडुळं तुझी होती. ती कधी उपाशी आहेत, कधी त्यांना पाणी जास्त झालं, कधी ती पळायच्या बेतात आहेत, हे तुला बारदान उचलल्याबरोबर कळायचं. तू सही करायला शिकलीस तीही गटाच्या रजिस्टरसाठी. आर्वीहून कृषी खात्याचे साहेब यायचे तर सरळ आपल्या ओट्यावर. लोक तुला गांडूळवाली बाई म्हणायचे, आणि तू तो शब्द साहेबाच्या हुद्द्यासारखा मिरवायचीस. मला मात्र तो शब्द नकोसा व्हायचा. आर्वीच्या कॉलेजात एकदा वही मागं देताना एका मुलीनं नाक उडवलं होतं, "तुह्या हाताले कायचा वास येऊन राह्यला वो?" त्या दिवसापासून मी घरून निघताना दोनदा साबण लावायची आणि तू दिसलीस की हात पाठीमागं न्यायची. तुला ते दिसत होतं.

तुझे स्वतःचे हात तेव्हा जायला लागले होते. हे घरात फक्त मला माहीत होतं. बाबांनाही नाही. चुलीपुढं भाकरी करताना एकदा तुझी चार बोटं तव्याला टेकलेली मी पाहिली आणि ओरडले, तेव्हा तू खाली पाहिलंस आणि मग हात काढलास. "माह्या हाताले कळत नाई वो आजकाल. कोपरापर्यंत बधिर झालं. कोणाले सांगू नोको." मी का म्हणून विचारलं नाही, कारण का ते मलाही कळत होतं. आपल्या भागात बधिर हात म्हटला की माणसाच्या मनात पहिला एकच रोग येतो. महारोग म्हणून एकदा कुणी नुसतं कुजबुजलं असतं तर टाक्यावर तर सोड, नळावरसुद्धा तुझ्यासाठी जागा उरली नसती.

आणि गांडुळांचं सगळं काम तर हातावरच चालतं. ताजं शेण आतून तापतं. टाक्यात भरलं की पंधरा-वीस दिवस रोज पाणी मारून ते निववावं लागतं, आणि मगच गांडुळं सोडायची. निवलं की नाही हे वरून दिसत नाही. तुझी रीत साधी होती, कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि मनात दहा आकडे मोजायचे. हात सुखानं आत राहिला तर गांडूळही राहील. साहेबांनी थर्मामीटर दिलं होतं, ते तू पोत्याखाली टाकून दिलंस. पण आता तुझ्या हाताला कढत आणि गार सारखंच. म्हणून ते काम गुपचूप माझ्याकडं आलं. बाया यायच्या आधी, सकाळी, तू मला टाक्यावर न्यायचीस. मी नाक मुरडत हात घालायची, सांगायची, आणि तू दिवसभर बायांना ते आपल्या हातानं पाहिल्यासारखं सांगायचीस. तीन-चार वेळा असं झालं. तुझ्या हाताच्या जागी माझा हात होता, माय, आणि तो तू विश्वासानं वापरत होतीस.

तो दिवस. कारण सांगायला काही मोठं असतं तर बरं झालं असतं, घरात लग्न, परीक्षा, काहीतरी. काही नव्हतं. साधा मंगळवार. नऊची बस. मी धुतलेला पांढरा ड्रेस घातलेला. पुढच्या आठवड्यात आर्वीच्या मार्केट यार्डात शेतकऱ्यांचा मेळावा होता आणि तिथं तुला माईकवर बोलायला बोलावलेलं. त्याआधी साहेब टाकी पाहायला येणार म्हणून घाई चाललेली. नव्या टाक्यात शेण भरून बाराच दिवस झालेले. जुन्या टाक्यातलं खत चाळायला काढलंय, तिथली सगळी गांडुळं टोपल्यांमध्ये, ओल्या पोत्याखाली. तू चाळणीवर वाकलेली आहेस, पाठ माझ्याकडं. "बस यायले टाइम हाय. हात घाल बरं जरा." मी बारदान उचलते. पहाटे तू मारलेलं पाणी वर चमकतंय. मी माझ्या बाहीकडे पाहते. आणि दोन बोटं वरच्या थराला टेकवते. गार.

"गार हाय," मी म्हणाले.

"कोपरापर्यंत घातला?"

"हो ना माय. बस चुकन माही."

कितीतरी वर्षं मी स्वतःशी वाद घातला की मी खोटं बोलले नाही, वर गारच होतं. पण "हो" तर मी म्हणालेच होते. बारदान टाकून मी रस्त्याला लागले. वळून पाहिलं तेव्हा तू कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होतीस. माझी बाही वर केलेली नव्हती. मनगटाला बटण तसंच लावलेलं होतं. ते तुला तेव्हा दिसलं का, की दिसूनही लक्षात आलं नाही, हे मी आजवर इतक्या वेळा स्वतःला विचारलंय की आता प्रश्नाचेच शब्द झिजलेत.

संध्याकाळी पाचच्या बसनं उतरले तर मांडवाखाली सगळ्या बाया गोळा झालेल्या. टाक्याच्या भिंतींवर गांडुळं चढत होती, एकमेकांत गुंतून, आणि तशीच खाली मातीत पडत होती. ती तरी जिवंत होती. आतली शिजली होती. वास मी सांगत नाही, तुला माहीत आहे. तू खाली बसून वरची वेचून ओल्या पोत्यावर ठेवत होतीस, एकेक करून, पण तुझ्या बोटांत ती नीट धरली जात नव्हती. अध्यक्षबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "कोणं पाह्यलं होतं हात घालून?" त्यांनी विचारलं. तू मान वर केलीस. मी बायांच्या मागं, खांद्याला कॉलेजची पिशवी. तुझी नजर माझ्यावर आली आणि मी पिशवीचा पट्टा नीट करायला लागले. आजही तो पट्टा माझ्या बोटांना आठवतो, नायलॉनचा, एका जागी उसवलेला.

"मीनं पाह्यलं," तू म्हणालीस. "दुसरं कोण पाह्यन?"

"मंग कळलं कसं नाई तुले? पाच वर्षं झाली हेच करून राह्यली."

"माह्या हाताले आता कळत नाई, बाई. कोपरापर्यंत बधिर हाय."

आणि तू हात पुढं केलेस. कुणी मागितले नव्हते. त्यावरचे तव्याचे जुने डाग सगळ्यांना दिसले. तुझ्या जवळ बसलेली बाई उठली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. एवढंच झालं. मी पुढं होऊन "मी पाहिलं होतं, मी नीट पाहिलं नाही" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी घरी निघून आले आणि हात धुतले.

त्या दिवशी तू आंबाडीची भाजी केलीस, भाकरी वाढलीस आणि "जेव" म्हणालीस. मी शिव्यांची वाट पाहत होते. एक तरी थोबाडीत, काहीतरी. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. गटाच्या बैठकीत चहा झाला की तुझा पेला वेगळा ठेवायला लागले, हे मला शेजारच्या मावशीकडून कळलं. तीन महिने तसं चाललं. सेवाग्रामला डॉक्टरांनी हात, पाय, मान सगळं तपासलं आणि मानेतली नस दबली आहे, दुसरं काही नाही, असा कागद दिला, तेव्हा बाबा तो कागद खिशात घालून गावभर फिरले. पेला पुन्हा एकत्र झाला. टाकी मात्र तुझ्याकडं परत आली नाहीत, आणि तूही मागितली नाहीस. मेळाव्याला तुझ्या जागी शेजारची मावशी गेली. माईकवर काय बोलायचं ते तूच तिला आपल्या ओट्यावर बसून दोन संध्याकाळी शिकवलंस. मी आत पुस्तक उघडं धरून बसले होते आणि "नमस्कार, मी रोहण्याची" हे तुझं वाक्य तिच्या तोंडून ऐकत होते. त्यानंतर तू किती वर्षं जगलीस! मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं, बाळंतपणाला तुझ्याकडंच आले. चाळीस दिवस एका खोलीत आपण दोघी. सांगायला वेळ मिळाला नाही असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

नोकरी म्हणजे काय, तर सेवाग्रामला दवाखान्यात रक्त तपासते. दिवसभर लोकांच्या बोटांना सुया टोचते. एखादा म्हातारा "बाई, टोचलं कवा? मले कळलंच नाई" म्हणून हसतो, तेव्हा बाकीचे हसतात, मी नाही हसू शकत.

पण तुला सांगायचंय ते याच्याही पुढचं आहे. हिवाळ्यात तुझी नात त्या काचेच्या पेटीला नाक लावून बसली होती आणि तिनं विचारलं, "आजीला एवढं सगळं यायचं, मग तिनं सोडलं का?" मी भाजी निवडत होते. मी म्हणाले, "तिच्या हाताला कळत नव्हतं बेटा. एकदा तापलेल्या शेणात गांडुळं सोडली, सगळी मेली. मग सोडून दिलं." माझं खोटं नेहमी असंच असतं, त्यातला शब्दन् शब्द खरा असतो. पोरगी म्हणाली, "बिचारी आजी." मीही म्हणाले, "हो ना."

मग मे महिन्यात माझा एक खोका मेला. टरबुजाच्या साली फेकायच्या जिवावर आल्या म्हणून मी एकाच दिवशी ढीगभर आत घातल्या. वर ओलं बारदान होतं, वर सगळं गार होतं. दोन दिवसांनी वास आला तेव्हा मी पहिल्यांदा, या वयात, चिमटा बाजूला ठेवून कोपरापर्यंत हात घातला. बोटभर खाली गेलं आणि पोळायला लागलं. मी हात काढला नाही. दहा आकडे मोजायचे म्हणून मोजत राहिले, सहावर काढला. म्हणजे हे एवढंच करायचं होतं. त्या सकाळी एवढंच मागितलं होतंस तू. हात शेणानं भरलेला, तसाच फोन वाजला, व्हिडिओ कॉल. तुझ्या नातीनं मेलेला खोका पाहिला आणि खो खो हसली. "मम्मी! आजीवर गेलीस तू! सगळी शिजवलीस!" आणि मी काय केलं सांगू? मीही हसले. तू जिवंत असताना तुझ्या माथी मारलं ते मारलं, आता तुझ्या नातीच्या घरात तो विनोद झाला आणि त्यावर पहिलं हसू माझं होतं.

पोळ्याच्या आधी, दोन महिने झाले असतील, दवाखान्यात मावशी भेटली. शेजारची, जी मेळाव्याला गेली होती तीच. गुडघे दाखवायला आली होती, काठी टेकत. तुझी नात सुटीवर होती, माझा डबा घेऊन आली होती, आम्ही दोघी निंबाखाली बाकावर बसलो होतो. मावशीनं मला लांबूनच ओळखलं. "तू माह्या मैतरणीची पोट्टी ना वो?" मग पोरीची हनुवटी धरून म्हणाली, "डोये पाह्य बरं. अशेच होते तिचे." पोरगी खूश. "आजी, तुम्ही माझ्या आजीसोबत गांडुळं पाळायच्या ना? मम्मीपण पाळते आता!"

मावशी माझ्याकडं पाहायला लागली. "हे? हे पाळते?" आणि बोळक्या तोंडानं हसली. मग काठी बाकाला टेकवून बसली नि पोरीकडं वळली. "तुह्या आजीवानी बाई नाई झाली, पोरी. लोक अजूनबी म्हणते का तिनं मारली गांडुळं. मले तिनं सांगतलं हाय त्या दिवशी काय झालं तं. आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो, माईकवर बोलाचं शिकवून राह्यली होती मले, अन् मधातच थांबली अन् म्हणे..."

"मावशी," मी म्हणाले, "तुमचा नंबर आला वाटते. चला, मी नेतो तुमाले."

तिचा नंबर आला नव्हता. तिच्या पुढं वीस-पंचवीस माणसं होती, मला दिसत होती. मी तिला दंडाला धरून उठवलंच. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं. "बरं बाई. चाल," म्हणाली. व्हरांड्याच्या वळणावर, पोरगी दिसेनाशी झाल्यावर थांबली. "तुले नाई आयकाचं?"

"मंग बोलू, मावशी."

"येजो मंग रोहण्याले. पण लवकर येजो. मी का जलमभर राह्यतो का आता?"

बाकावर परत आले तर पोरीनं विचारलं, "काय सांगत होत्या त्या?" मी डबा उघडत म्हणाले, "म्हातारं माणूस, काहीबाही बोलतं." तिनं ते मानलं. ती माझं सगळं मानते, हीच तर पंचाईत आहे.

मी रोहण्याला गेले नाही असं नाही. एका रविवारी घरी गांडुळं आणायला जाते म्हणून सांगितलं आणि आर्वीपर्यंत गेले. डेपोत बाकावर बसले. रोहण्याची बस लागली, भरली, सुटली. मी वर्ध्याच्या बसमध्ये बसून परत आले. मला कशाची भीती वाटते ते सांगते. तुला माझी बटण लावलेली बाही दिसलीच नसेल, तर लेकीनं नीट पाहिलं होतं, गांडुळं सोडताना आपल्याच हाताला कळलं नाही, हे घेऊन तू मेलीस, आणि ते खोटं होतं, कारण त्या दिवशी चुकला तो माझा हात. आणि दिसली असेल, नंतर का होईना लक्षात आलं असेल, तर तू सगळं समजून उमजून ते हात पुढं केलेस. पेला वेगळा झाला, टाकी गेली, माईक गेला, आणि तू आंबाडीची भाजी वाढून मला "जेव" म्हणालीस. यातलं कुठलंतरी एक मावशीला माहीत आहे. दीड-दोन तासांच्या अंतरावर, गुडघे धरून ओट्यावर बसलेल्या एका बाईच्या तोंडात ते आहे, आणि मी ते तिच्या तोंडून काढू देत नाही. तुला लिहिणं सोपं आहे, माय. तू सांगणार नाहीस.

चार पानं झाली. तुझी नात दिवाळीसाठी आली आहे. पलीकडच्या खोलीत, पेटीसमोर मांडी घालून बसली आहे, दोघांना एकेक गांडूळ हातानं भरवते आहे, चिमटा नाही, काही नाही. मधलं दार उघडंच आहे. तिनं आत्ताच तिथूनच विचारलं, "मम्मी, केव्हाची काय लिहितेस एवढं?"

मी म्हणाले, दवाखान्याचं काम आहे.